देवी घरात होती तेव्हा

दादाच्या मानेत गाठ आली तेव्हा तो मुरगावच्या बंदरात नोकरीला होता. गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता. मराठी राजभाषा व्हावी म्हणून निघणाऱ्या मोर्चात हा सगळ्यांच्या पुढे, आणि घसा बसवून घरी आला की आईकडे पाणी मागायचा कोकणीत! आम्ही त्याला फार चिडवायचो.

पणजीच्या डॉक्टरांनी लिम्फोमा सांगितला, एक प्रकारचा कॅन्सर. "रोगाशी लढणाऱ्या पेशीच बिघडल्यात," ते म्हणाले. "ज्या चांगल्या आहेत त्याही गाठीभोवती नुसत्या उभ्या आहेत, हात उचलत नाहीत. औषधानं त्या आणखी कमी होतील. आजारी माणसाला याच्याजवळ फिरकू देऊ नका." आईनं ते मनावर घेतलं. कुणी नुसतं शिंकलं तरी ती त्याला पायरीवरूनच परत पाठवी.

औषधानं गाठी बसल्या. दादाला भूक लागू लागली. त्याच सुमारास त्याच्या धाकट्या मुलीला कांजिण्या आल्या. पण कांजिण्यांना आमच्या पार्से गावात आजार म्हणत नसत. देवी घरी पाहुणी येते. तिला रोग म्हटलेलं तिला खपत नाही. आईनं दाराला कडुलिंब बांधला आणि पोर बापाच्याच कुशीत निजली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी आजारी नाही ना?

"नाय डॉक्टरानू, सगळीं बरीं आसत," आई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

मग दादाच्याही अंगावर फोड उठले. आई हरखली. "आता तीच तेका बरो करतली," म्हणत तिनं त्याच्या उशाशी पाला ठेवला. ताप चढला, दम लागला, तेव्हा कुठे गाडी करून त्याला पणजीला नेला. तोवर कांजिण्या फुप्फुसात उतरल्या होत्या.

तो गेल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "गाठ आटोक्यात होती. कांजिण्यांनी नेलं. धडधाकट माणूस यातून उठून बसला असता. याच्या शरीरात त्यांना अडवायला कुणी नव्हतं."

बाकड्यावरून आईनं विचारलं, "डॉक्टर तुका काय म्हणालो रे?"

"गाठ वाढली गे आई."

सुतक फिटल्यावर आईनं देवीची पाठवणी केली. दहीभाताचं ताट माझ्या हातात होतं. "माझी नात राखलीस माये, उपकार झाले," म्हणत ती जमिनीला कपाळ टेकून रडली. मला त्या देवीचा इतका संताप आला होता की ताट भिरकावून द्यावंसं वाटत होतं. मी ते खाली ठेवलं आणि आईच्या शेजारी डोकं टेकलं.