कीडाजडीतले सतरा भाडेकरू

अख्ख्या संगमनेर तालुक्यात बुरशी आली की आनंद होणारा माणूस एकच, माझे मामेसासरे. पावावर हिरवट ठिपका दिसला की आपण नाक मुरडतो. मामा खिशातून भिंग काढतात. एकदा लोणच्यावर पांढरा थर आला म्हणून मामींनी कपाळाला हात लावला, तर हे म्हणाले, "हलवू नको, लेकरं अजून ल्हान हायत." एका सोयरिकीच्या बैठकीत पोहे झाले, मुलगी बघून झाली, सगळं जमत आलं, आणि मामा यजमानांच्या ओल्या भिंतीवरची काळी बुरशी नखाने खरवडून पुडीत बांधताना सापडले. सोयरीक मोडली. पुडी मात्र सुखरूप घरी आली.

मामांचं शिक्षण दहावीपर्यंत. सगळी नोकरी आमच्याच कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून झाली. मी तिथेच प्राध्यापक. निवृत्तीनंतर ते बद्रीकेदारला गेले. बरोबरच्यांनी गंगाजल आणलं. मामांनी गोळ्यांच्या बाटलीतून चार मेलेल्या अळ्या आणल्या. ही कीडाजडी. हिमालयात मातीखाली राहणाऱ्या अळीला एक बुरशी आतून खाऊन टाकते आणि तिच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. तिकडे ती औषध म्हणून सोन्याच्या भावाने विकतात. मामींना वाटलं, आपल्या गुडघ्यांसाठी आणली. मामांनी ती वरून स्पिरिटने धुतली, ब्लेडने चिरली आणि बटाट्याचं पाणी, साखर, चायनाग्रास घालून केलेल्या जेलीवर एकेक काप मांडला. काही दिवसांत काचेच्या बश्यांत पांढरं, गुलाबी, पोपटी असं काय काय उगवलं.

"जावईबापू, बुरशीच्या पोटात बी बुरशा! सतरा भाडेकरू मोजले म्या. एकमेकाला काय तरास न्हाई."

"हवेतली घाण पडली असेल, मामा," मी म्हणालो. स्टाफरूममध्ये हा किस्सा मी पुष्कळ दिवस चहाबरोबर खपवला.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नगरला जाताना मामांनी त्या बश्या आणि भाडेकरूंच्या चित्रांची वही माझ्या हवाली केली. त्याच आठवड्यात कॉलेज तपासायला समिती येणार होती. निवृत्त शिपायाच्या बुरसटलेल्या बश्या माझ्या प्रयोगशाळेत दिसल्या तर काय वाटेल, या लाजेने मी त्या सगळ्या उकळून धुऊन टाकल्या. वही तेवढी टेबलावर राहिली.

समितीतल्या एका वयस्कर बाईंनी ती उभ्या उभ्या उघडली, मग खुर्ची ओढून बसल्या. "ही बुरशी एकटी राहतच नाही. फार नीट काम केलंय. बश्या दाखवा ना."

"खराब झाल्या," मी म्हणालो. वही माझीच समजून त्यांनी मला शाबासकी दिली. ती मी घेतली.

मामा डोळ्याला पट्टी बांधून स्टँडवरून थेट कॉलेजात आले. मी म्हणालो, "दोन दिवस लाइट नव्हती, फ्रिज बंद पडला, सगळं गेलं." त्यांनी माझ्याच पाठीवर हात ठेवला. "लाइटीला तुमी काय करनार? जीव नका जाळू." चारही अळ्या संपल्या होत्या, आणि पुन्हा तेवढं चढून जाण्याचं त्यांचं वय नव्हतं.

दोन वर्षं मी हे पोटात ठेवलं. गेल्या महिन्यात त्यांच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा सगळं सांगून टाकलं. मामा शेंगा फोडतच राहिले.

"लाइट गेली न्हवती, ते मला तवाच कळलं हुतं. वॉचमन बोलला." टरफल बाजूला टाकून म्हणाले, "पर त्या बाईंनी वही बगितली, हे का दाबून ठिवलं, जावईबापू?"

त्यांनी बाईंचं वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग मामींना हाक मारून त्यांच्यासमोर आणखी एकदा.

"खुर्ची वडून बसल्या?"

"हो."

"कोनत्या पानावर?"

मला आठवेना. तेव्हा माझं लक्ष वहीकडे नव्हतंच. मामा उठून आत गेले, वही घेऊन आले आणि एकेक पान माझ्यासमोर धरू लागले. "हे हुतं का? मग हे?"