पाच साध्या ओळी

"येते ना! काहून नाही येत?" विजयमाला भर सभेत बोलून गेली आणि तिथंच फसली.

कळंबहून विणकामाची योजना घेऊन आलेल्या मॅडमनी बायांना एवढंच विचारलं होतं, की स्वेटरवर वेणीसारखा पीळ असतो, ती वीण तुमच्या गावात कोणाला येते? येत असेल तर लोकरीची पेटी आणि बाकीच्यांसाठी शिकवणीचा वर्ग इथं, नाही तर पुढच्या गावाला. विचारतानाच त्यांचा चेहरा 'यांना कशाचं येतंय' असा झाला, अन् विजयमालाला तेच सोसलं नाही. पुढच्या सोमवारी विणून दाखवायचं ठरलं. तिला यायचं ते साधं सुलट-उलट, तेही मफलरपुरतं.

आता नळावर गेली की बाया विचारायच्या, "विजे, वर्ग पक्का ना आपला?" ती "पक्का" म्हणायची आणि घागर उचलून घाईनं घर गाठायची.

मोबाईलवर तिनं वीण पाहिली. तीन टाके तिसऱ्या आखूड सुईवर घेऊन पुढं सोडायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग हे सोडलेले. झाला पीळ! आखूड सुई म्हणून तिनं सायकलच्या चाकाची तार तोडून घासली. पुढचा व्हिडिओ पाहिलाच नाही. पीळ तिला काय शिकवता? तिचा बाप अंबाडीच्या वाखाचे दोर वळायचा. "हात थांबला का पीळ सुटला," हे त्याचं बोलणं तिच्या बोटांत मुरलेलं.

म्हणून तिनं दर सुलट ओळीला पीळ दिला. तिसऱ्या दिवशी विणकाम असं आवळलं की सुई शिरेना. शेजारची तुळसाबाई तुकडा हातात घेऊन म्हणाली, "माय वं! हे स्वेटर हाय का बैलाचं दावं?"

"गप बस ना बुढे!"

पण बुढी खोटं बोलत नव्हती. विजयमालानं सगळं उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा दावंच. शनिवार उजाडला.

दारासमोरून घनश्याम गुरुजी उन्हात बसायला पारावर चालले होते. अंगात वेण्यांचा स्वेटर. सुया टाकून ही मागं धावली अन् पाराजवळ त्यांना गाठलं.

"गुरुजी, हलू नका!" म्हणत तिनं त्यांच्या पोटावरच्या ओळी बोटानं मोजायला घेतल्या.

"अवं, माप घेऊन राह्यली का माह्यं?"

"श्वास नका घेऊ, ओळ हालते!"

पारावरची माणसं खदखदली. तिचं लक्ष नव्हतं. एक पीळ, मग पाच ओळी नुसत्या साध्या, मग दुसरा पीळ. पाच ओळी हात थांबवायचा! बापानं हेच तर कधी शिकवलं नव्हतं.

सोमवारी समाजमंदिरात सगळ्या बाया जमल्या. मॅडमनी आणलेली लोकरीची पेटी मधोमध होती, आणि तुळसाबाई सर्वांत आधी तिच्याजवळ जाऊन बसलेली. विजयमालानं पहिला पीळ दिला. मग साध्या ओळी, एक, दोन. तिसऱ्या ओळीला मॅडमनी घड्याळ पाहिलं.

"अहो, वेणी कुठंय? पीळ द्या की लवकर."

बोटं शिवशिवली. आता दिला तर मॅडम गप्प, आणि तुकडा पुन्हा दावं. बाया हिच्याकडे बघत होत्या. तिनं खाली मान घातली.

"घाई केली तं दोर होते, मॅडम," म्हणाली आणि चौथी ओळ विणली. मग पाचवी. मग तारेवर तीन टाके घेतले, पुढं सोडले. दुसरा पीळ पहिल्याच्या डोक्यावर बसला आणि मधली वेणी मऊ फुगून वर आली.

मॅडमनी तुकडा ओढून पाहिला, उलटून पाहिला.

"किती वर्षांपासून करता?"

खोटं एकदाच पुरे झालं होतं. "आठ दिवसांपासून," विजयमाला मान वर करून म्हणाली.

मॅडमनी तुकडा तिच्या हातात परत दिला. मग पेटी उघडायला वळल्या, तर तुळसाबाई पेटीवरच ठाण मांडून बसलेली.

"सरका ना आजी."

"आधी सांग, पेटी इथंच राह्यते ना?"

"राहते," मॅडम म्हणाल्या, तेव्हा कुठं बुढी उठली.