शिसवी कुंद्याची रायफल

माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, मी अजून माफ केलेलं नाही. ते जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे. मी बोलणार.

हिंगणघाटला आमचं सरकीचं दुकान होतं, आणि दुकान, घर, तिजोरी सगळं भासऱ्यांच्या हातात. माझे यजमान शाळेत विज्ञान शिकवायचे. स्वातंत्र्य तेव्हा नवं होतं. गावात हौशी लोकांनी रायफल क्लब काढला होता आणि वणा नदीच्या पलीकडे दरडीला कागद लावून चांदमारी चालायची. यजमानांना तो नाद लागला. नवी रायफल घेणं आमच्या बापाच्यानं झालं नसतं. नागपूरच्या बंदूकवाल्याकडे कुण्या गोऱ्या साहेबानं जाताना टाकलेली पॉइंट टू-टू पडून होती, लहान काडतुसाची, निशाणेबाजीची. नळी ठणठणीत, पण कुंदा, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, उभा चिरलेला. सोबत एक लांबुळकी पितळी दुर्बीण, आणि तिच्या आतली नेम धरायची फुली तुटलेली. परवाना घरच्या कर्त्याच्या नावानं निघाला, म्हणजे भासऱ्यांच्या. तिथंच माशी शिंकली.

ती रायफल आम्ही दोघांनी मिळून उभी केली. दोघांनी म्हणते ते यजमानांचा मान राखायला. शिसवाचा ओबडधोबड कुंदा त्यांनी सुताराकडून कापून आणला, नळीसाठी त्यात पन्हळ कोरली, आणि पुढे त्यांचा धीर सुटला. नळी लाकडात सगळीकडे सारखी टेकली पाहिजे, नाहीतर गोळी वाट्टेल तिथं जाते. मी म्हटलं, काजळ कशाला आहे घरात? नळीला काजळ फासायचं, लाकडात बसवायची, उचलायची. जिथं काळा डाग उठला तिथं लाकूड उंच, तेवढंच खरवडायचं. दिवसचे दिवस मी हेच केलं. मग जवसाचं तेल तळहातानं चोळलं, लाकूड पिऊन घेईपर्यंत.

दुर्बिणीतली फुली घालायला त्यांचे हात थरथरायचे. मी माळ्यावरून कोळ्याचा धागा फड्याच्या, म्हणजे केरसुणीच्या, काडीवर उचलला आणि आत ताणून बसवला, एक उभा, एक आडवा. हातावर शेवया वळणाऱ्या बाईला त्यात काय अवघड? मग दुर्बीण पुढच्या-मागच्या कडीत धरून नळीवर चढवली, आणि रायफल सरकीच्या पोत्यांवर टेकवून बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढला. नळीतून पाहिलं तर जिनिंग कारखान्याच्या धुराड्याचं टोक मधोमध दिसायचं. तेच टोक दुर्बिणीच्या फुलीवर येईपर्यंत मी मागच्या कडीचे स्क्रू फिरवत बसले. रविवारी शेताच्या धुऱ्यावर जाऊन गोळ्या झाडून पाहिल्या. माझ्या गोळ्या यजमानांच्या गोळ्यांपेक्षा एकमेकींच्या अधिक जवळ पडायच्या. ते खूश व्हायचे, हे मात्र सांगितलं पाहिजे.

दिवाळीत भासऱ्यांकडे व्यापारी मंडळी बसली होती. मी दाराआड चहा घेऊन उभी. रायफल हातोहात फिरत होती, आणि भासरे सांगत होते, "सोता बनवली मी. दोन महिने मान वर केली नाई."

यजमान हळूच म्हणाले, "दादा, ते फुलीचं काम तं हिनं..."

"अरे, चूल फुकणारीले काय समजते दुर्बीण! तेलाचा हात फिरवला असन तिनं, बस!"

सगळे हसले. यजमानही हसले, कसनुसे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून रायफल भासऱ्यांच्या खोलीत गेली.

"जाऊ दे वं, दादाच हाय ना," यजमान म्हणाले.

"दादा हाय म्हनून डोक्यावर मिरे वाटू द्याचे काय?" मी म्हटलं. पण भांडणार कोणाशी? भासऱ्यांसमोर तोंड दाखवायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी शब्द बोलले नव्हते. तरी मनाशी ठरवलं, या माणसानं माझं काम गिळलंय ना, ते त्याच्याच तोंडातून चारचौघांत ओकायला लावीन. मला बाकी काही नको होतं.

संधी थंडीत आली. क्लबाचा सामना ठरला, नागपूरहून फौजेतले एक निवृत्त साहेब बघायला येणार होते. भासऱ्यांनी काय करावं? साहेबावर छाप पडावी म्हणून आदल्या दिवशी गड्याकडून दुर्बीण उतरवून घेतली, चिंचेनं घासली आणि परत बसवली. सकाळी बैलांच्या दमणीत रायफल ठेवताना मी पाहिलं, दुर्बीण समईसारखी चकचकत होती. बापा रे! एकदा उतरवलेली दुर्बीण पुन्हा नेमावर आणावी लागते, हे या शहाण्याच्या गावीही नव्हतं. सांगणारे यजमान पहाटेच निघून गेले होते. समोर निशाणाखालच्या खड्ड्यात बसून कागद बदलायचं काम त्यांच्याकडे होतं.

आम्हा बायकांना कनातीमागं बसवलं होतं, गोळी झाडायच्या जागेपासून हाकेच्याही अलीकडे. साहेबांनी रायफल हातात घेऊन कुंद्यावरून हात फिरवला. "बहुत खूब! किसने बनाई?"

"हमनेच बनाई साब," भासरे म्हणाले.

मी ओठ चावला.

अजमावायच्या पहिल्या गोळ्या डावीकडे गेल्या. भासऱ्यांनी स्क्रू फिरवला, तोही उलटा. त्या दुर्बिणीचं असं होतं, की गोळी जिकडे न्यायची तिकडे तिची मागची बाजू सरकवायची. यांना वाटलं, गोळी डावीकडे जाते तर मागची बाजूही तिकडेच सरकवावी. गोळी आणखी डावीकडे गेली. पुन्हा फिरवला, पुन्हा तिकडेच. खरा सामना सुरू झाला तरी तेच. कपाळाला घाम फुटलेला मला फटीतून दिसत होता. दोनदा त्यांनी कनातीकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं, 'उजवीकडे'. पण मी कशी बोलणार? मी पदर आणखी पुढं ओढला आणि मान खाली घातली. घरंदाज सून कशी असते ते बघा म्हटलं! मोठ्या जाऊबाई कुजबुजल्या, "काऊन वं, असं काऊन होऊन राह्यलं?"

"मले काय समजते, बाई," मी म्हटलं. आतून असा गारवा वाटला की काय सांगू.

शेवटच्या गोळ्या तर शेजारच्या कागदावर जाऊन लागल्या. साहेब म्हणाले, "सेठजी, पड़ोसी को दान दे रहे हो क्या?" हशा पिकला. भासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला, आणि ते ओरडलेच, "मेरी क्या गलती साब? बंदूकच खराब है! हमारे छोटे भाई की औरत ने जोड़ी है ये!"

मग दिवाळीला आलेला एक व्यापारी म्हणाला, "तुमी तं सोता बनवली म्हनत होते ना जी?"

मी उठले. जाऊबाईंनी माझा पदर धरला. "अवं माय, कुठी चालली?"

"माह्यी वस्तू पाहाले."

भासऱ्यांकडे मी पाहिलं नाही. साहेबांपुढं उभी राहिले. "साहेब, मीच जोडली आहे. चालवून दाखवू?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि बाजूला झाले. लुगडं सावरून मी सतरंजीवर पालथी पडले. एक गोळी झाडून पाहिली, स्क्रू फिरवला, पुन्हा एक झाडली, पुन्हा थोडा फिरवला. मग तीन गोळ्या झाडल्या. खड्ड्यातून यजमानांनी कागद वर धरला. तीन भोकं काळ्या गोलाच्या मधोमध, वर चवन्नी ठेवली तर झाकली जातील अशी. ते तो कागद खाली घेईचनात.

निघताना भासरे गड्याला म्हणाले, "रायफल ठेव गाडीत." मी ती आधीच खांद्यावर घेतली होती. ते एक पाऊल पुढं आले. सगळा क्लब बघत होता, साहेब बघत होते. रायफल कोणी बनवली ते त्यांनी स्वतःच ओरडून सांगितलं होतं. ते वळले आणि दमणीत चढले. रायफल सरळ आमच्या खोलीत गेली.

पुढं परवाना यजमानांच्या नावावर करायचा कागद आला, त्यावर भासऱ्यांनी मुकाट सही केली. सही करताना त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं म्हणे, जाऊबाईंनी सांगितलं. ते काही मला पाहता आलं नाही, त्यांच्यासमोर जायची रीत नव्हती ना. त्याची हळहळ मला आजही आहे.