आक्कांची नवी मशीन

जिनिंगच्या आक्का कुणाच्या कानात काही सांगू लागल्या की ते सगळ्या गल्लीला कळायचं. उभा जन्म कापसाच्या यंत्रांच्या घरघरीत बोलण्यात गेलेला, त्यामुळे हळू बोलणं त्यांच्या घशाला ठाऊकच नव्हतं. "मास्तर, कुनाला सांगू नका बरं का," असं त्या मला म्हणाल्या, की समोरच्या पिठाच्या गिरणीतला माणूस बाहेर येऊन विचारायचा, "काय झालं?"

माजलगावच्या अलीकडचं आमचं गाव एकेकाळी जिनिंगचं गाव होतं. सरकी काढायची, गाठी बांधायच्या, ट्रक भरायचे. भोंग्यावर चुली पेटायच्या. आक्का तिथल्या बायकांच्या मुकादम. पुढे जिनिंग बंद पडली आणि बरोबरीच्या बायका कोयता घेऊन ऊसतोडीला जाऊ लागल्या. गावाला काही ओळखच उरली नाही.

आम्ही काही शिक्षकांनी त्या रिकाम्या शेडमध्ये विज्ञान केंद्र आणि मुलांची नाटकशाळा काढायचं ठरवलं, तेव्हा पहिला झाडू आक्कांनी मारला. गाठी रचायच्या ओट्याचा रंगमंच झाला, वजनकाट्याच्या खोलीत प्रयोग मांडले. "शेडमंदी चांदण्या दाखवनार म्हनं!" म्हणून लोक हसायचे. आक्का म्हणायच्या, "हसू द्या. कापूस बी हलकाच असतो. गाठ अंगावर पडली की कळतंय."

त्यांचा एक नेम कधी चुकला नाही. जिनिंग बंद पडल्यावरही खंडेनवमीला त्या चौकीदाराला दटावून आत शिरायच्या आणि गंजलेल्या यंत्रांची पूजा करायच्या. "मशीन बंद पडली, मेली न्हाई," हे त्यांचं म्हणणं. एकदा याच नेमाने आमच्या तोंडचं पाणी पळवलं.

नगरपालिकेला शेड पाडून तिथे गाळे बांधायचे होते. तिथल्या मुख्याधिकारी साहेबांनी निरोप धाडला, "लोक खरंच येतात का, ते मी बघायला येतो. शेड रिकामी दिसली तर पाडायची." नेमकी खंडेनवमीची संध्याकाळ ठरली. आक्कांनी जिनिंगच्या जुन्या बायकांना घरोघरी जाऊन दम भरला. उमापूरच्या भाचीला फोन लावला. खरं तर त्यांना फोनची गरज होती असं मला वाटत नाही.

संध्याकाळी अंगण गच्च भरलं. चंद्र छान वर आला होता. मी ऐटीत साहेबांना केंद्राच्या नव्या दुर्बिणीपाशी नेलं. साहेबांनी डोळा लावला आणि म्हणाले, "धुकं दिसतंय." मी बघितलं तर खरंच, चंद्राच्या जागी दुधाळ गोळा! पुढे जाऊन पाहतो तो काय, भिंगावर हळदकुंकवाची बोटं, त्यावर अक्षता, नळीला झेंडूचा हार.

"आक्का, भिंगाला कुंकू लावलंत?"

"मंग? नवी मशीन हाय. पयलीच खंडेनवमी तिची."

"अहो, पण झाकण होतं ना त्याच्यावर!"

"काढलं की. देवाच्या तोंडावर झाकन ठिवून कोन पूजा करतं व्हय?"

घाईने पुसावं तर भिंगावर ओरखडे पडणार, न पुसावं तर शेड जाणार. एकाला मेडिकलवर पिटाळून कापूस मागवला. ते पाकीट बघून आक्कांनी कपाळावर हात मारला. "जिनिंगच्या शेडमंदी कापूस इकत आनला, मास्तर!" सगळं अंगण खदाखदा हसलं. मी मात्र मान खाली घालून फुंकर घालत, ओला बोळा हलक्या हाताने फिरवत बसलो. साहेब घड्याळ पाहू लागले.

तेव्हा आक्का ओट्यावर चढल्या आणि सरकी निवडताना बायका म्हणायच्या ते गाणं त्यांनी सुरू केलं. खालून बाकीच्यांनी ते उचललं. नाटकातली पोरं टाळ्यांचा ठेका धरून मध्येच नाचायला लागली. साहेब खुर्ची ओढून बसले ते बसलेच.

भिंग लख्ख झाल्यावर त्यांनी पुन्हा डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही. मागून आक्का कडाडल्या, "साहेब, सरका की! मागं लाइन हाय!"

स्वतः आक्का सगळ्यांच्या शेवटी आल्या. चंद्र बघून म्हणाल्या, "लई खड्डे हायेत की वो. हितं बी आपलीच नगरपालिका हाय का?" साहेबांनी ऐकलं, हसले आणि जाताना म्हणाले, "नाही पाडत." आक्कांनी तिथेच त्यांची दृष्ट काढली.

गेल्या पौषात आक्का गेल्या. त्या दुपारी मुलांच्या नाटकाची तालीम होती. मी त्यांच्या मुलाला म्हणालो, "आज केंद्र बंद ठेवतो." रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. तो म्हणाला, "नका ठिवू, मास्तर. बंद फाटकाकडं बघून लई वर्सं रडलेली हाय ती. आज उघडं असू द्या."

आक्कांना आम्ही केंद्रासमोरच्या रस्त्यानेच नेलं. फाटक सताड उघडं होतं आणि आत पोरांची तालीम चालू होती.