धुण्याच्या दगडाखालचा वीर

माझ्या आत्याने पंचवीसेक वर्षं एका मध्ययुगीन योद्ध्यावर कपडे धुतले. दोघांचीही काही तक्रार नव्हती. तक्रारी सुरू झाल्या त्या मी विद्यापीठात मध्ययुगीन इतिहास आणि संस्कृती शिकायला लागल्यावर. (वडील सांगलीला, कुपवाडच्या कारखान्यात आहेत. तिथे कुणी विचारलं, की ‘पोरगी कॉम्प्युटरचं कायतरी करती’ असं सांगून मोकळे होतात.)

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी विषय घेतला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेला दगड. सरांची अट एकच होती. “आजवर कुणी नोंदवला नाही असा एक तरी वीरगळ शोधा, नाहीतर विषय बदला.” मी गावोगाव हिंडले. जावं तिथे कुणीतरी आधीच येऊन गेलेलं!

शेवटी दमून शिराळ्याजवळ आत्याकडे जेवायला गेले. परसात हात धुताना पाहिलं, तर धुण्याचा दगड एका बाजूने उचकटला होता आणि त्याच्या खालून एक घोडा माझ्याकडे बघत होता.

“आत्या! याच्याखाली चित्रं आहेत!”

“हायती की. म्हणून तर पालथा टाकलाय. चित्रांत साबण आडकायचा.”

मी आणि मामांनी पहार लावून दगड उलथा केला. (मामा म्हणजे आत्याचे यजमान. फौजेतून सुभेदार होऊन आलेले.) खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंग! आनंदाच्या भरात मी बोलून गेले, “मामा, हा लढाईत मेलेला वीर आहे!”

मामा खाडकन ताठ उभे राहिले. “म्हंजे शहीद?”

“हो, तसंच.”

ते आत्याकडे वळले. “आन् तू शहीद जवानावर चड्ड्या आपटत व्हतीस?”

“तुमच्याच व्हत्या न्हवं!”

मी घाईघाईने फोटो काढला आणि एसटी पकडली. फोटो सरांना पाठवल्यावर कळलं, की आत्या पदर सावरून बरोब्बर दगडापुढे उभी आहे. “यात वीर कुठे आहे?” सरांनी विचारलं. “मागे आहे,” मी म्हणाले. मग सर स्वतःच यायला निघाले.

शनिवारी आम्ही पोहोचलो, तर वेशीवरच स्पीकर ऐकू आला. परसात सिमेंटचा कट्टा, वर पत्रा, पुढे घंटा. आणि कट्ट्यावर माझा वीरगळ! घोडा, अप्सरा, शिवलिंग सगळं बोटभर शेंदराखाली गडप, आणि वर दोन चांदीचे डोळे.

“मामा, अहो, हे काय केलंत?”

“आगं, लय वंगाळ दिसत व्हता. नाक न्हाई, कान न्हाई. आमी नीट केला!”

“थोडासा खरवडला तर?” मी हळूच म्हटलं.

“देवाला खरवडतीस व्हय गं?” आत्या कडाडली. माझी पदवी त्या शेंदरात बुडालेली मला दिसत होती. मला खरोखर रडू आलं. बायकांना वाटलं, भक्तीने आलं. एकीने माझ्या पायांना हात लावला.

सरांनी बूट काढले, घंटा वाजवली, नारळ फोडला आणि एका आजोबांना विचारलं, “हा देव कधीपासूनचा?”

“लय जुना, साहेब. मंगळवारपास्नं हाय.”

“आणि सापडला कसा?”

“सांगलीच्या एका पोरीच्या सपनात आला, घोड्यावर बसून. म्हणला, माझ्यावर धुणं बास करा!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सरांच्या मागे लपायला गेले, तर सरांचे डोळे चांदीच्या डोळ्यांपेक्षा जास्त चमकत होते. “विषय बदला!” ते म्हणाले. “नव्या लोकदेवतेचा जन्म! देव जन्मून आठवडा झाला नाही तोवर अभ्यासक हजर, असं कधी घडतं? आणि त्या मुलीची सविस्तर मुलाखत घ्या.”

मी घेतली. प्रश्न माझे, उत्तरंही माझी. पदवी मिळाली, तीही चांगल्या गुणांनी.

हल्ली आत्याने धुण्यासाठी नवा दगड आणलाय. तो कुठल्या काळातला, हे मात्र मला सांगता येत नाही. मी येणार असं कळलं, की ती त्याच्यावर पोतं टाकते आणि मी परत जाईपर्यंत त्यावर बसून राहते.