सिस्टरची नावांची वही

सिस्टर येण्याआधी त्यांच्या किल्ल्या यायच्या. जिन्यात खळखळ ऐकू आली की पोरी खोलीतल्या चोरट्या शेगडीची वायर ओढून काढायच्या आणि कॉरिडॉरमधले ओले कपडे गोळा करायच्या. खरं तर दारांना कार्डाची कुलुपं लागून चार वर्षं झाली होती. त्या जुडग्यातल्या एकाही किल्लीनं आता काहीही उघडत नव्हतं. "मग हे ओझं कशाला वागवता?" मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "झुलेखा, किल्ल्या काढल्या तर मला इथं कुत्रंसुद्धा विचारणार नाही."

आखातात, मेसईदला, आमच्या कंपनीचं क्लिनिक आहे. त्या तिथं नर्स, म्हणून सिस्टर. मी तिथल्याच लॅबमध्ये. त्या वसईच्या ख्रिश्चन, मी रत्नागिरीची मुसलमान, आणि अख्ख्या लेडीज ब्लॉकमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. ब्लॉकची देखरेख कंपनीनं त्यांच्या गळ्यात मारलेली. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, आणि खोलीवर येऊन बघतात तर गीझर बंद, बाथरूमवरून भांडणं. मग त्या माझ्या पलंगावर येऊन बसायच्या, मराठीत बोलायला. मी, खोटं कशाला बोलू, कधीकधी झोपेचं सोंग घ्यायचे.

कारण त्यांचा विषय एकच. सूक वाकिफच्या बाजारातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना कव्हर फाटलेलं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, हजार वर्षांपूर्वी जर्मनीत मठ चालवणाऱ्या राजकन्यांवरचं. ते त्यांनी इतक्यांदा वाचलं होतं की त्या बायका जणू वसईत शेजारच्या आळीत राहायच्या. "अगं, बादशहाची पोरगी! अकराव्या वर्षी मठाची मुख्य झाली. पुढं भाचा बादशहा झाला आणि इटलीला जाऊन बसला, तेव्हा मागं राज्य कोणी सांभाळलं? हिनं!" मी म्हणायचे, "तौबा, अकराव्या वर्षी मला वेणी घालता येत नव्हती." त्यांना हसू यायचं नाही. "मोठ्या पोरीला कोण विचारतं, तुला येतं का म्हणून?" त्या स्वतः पाच भावंडांतल्या थोरल्या. बाविसाव्या वर्षी आखातात आल्या आणि लग्न राहूनच गेलं.

ब्लॉकमधली एखादी पोरगी लग्न ठरून निघाली की सिस्टर तिची बॅग स्वतः बांधायच्या आणि बस सुटली की मला ऐकवायच्या, "त्या मठातसुद्धा असंच होतं बघ. बाकीच्या बायका हवं तर लग्न करून जायच्या. मुख्य बाईला तेवढं जाता यायचं नाही." पाय बादलीत गरम पाण्यात सोडून त्या हे बोलायच्या. अंगातली सगळी ताकद संपल्यावर माणूस बोलतो तसं.

त्यांच्याकडे एक निळी वही होती. तीही त्या पुस्तकातूनच आली. मठ स्थापन करणारी म्हातारी राणी मरायला टेकली, तेव्हा तिनं घराण्यातल्या मेलेल्या माणसांच्या नावांचं पुस्तक अकराव्या वर्षी मठाची मुख्य झालेल्या त्याच नातीच्या हातात दिलं आणि सांगितलं, यांना विसरू नकोस, आणि मलाही. हे सांगून झालं की सिस्टर म्हणायच्या, "राजे लढायचे नि मरायचे. लक्षात ठेवायचं काम पोरींकडे." त्यांच्या वहीत पहिलं नाव त्यांच्या आईचं. आई गेल्याचं पत्र त्यांना माती दिल्यानंतर नऊ दिवसांनी मिळालं होतं. मग ब्लॉकमधल्या जिचं कोणी गावी वारलं आणि जिला जाता आलं नाही, तिच्या माणसाचं नाव वहीत. शुक्रवारी सकाळी, चर्चची बस यायच्या आधी, पँट्रीत चहा आणि कुबूसच्या रोट्या मांडून सिस्टर त्या आठवड्यात ज्यांची तारीख येते त्यांची नावं वाचायच्या. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळी. नावापुढं गेल्याची तारीख आणि एक ओळ असायची. 'सुनीताची आजी, मक्याची भाकरी करायची.' बस्स.

माझे अब्बा गेले तेव्हा दुपारी फोन आला आणि तासा-दोन तासांत, असरच्या नमाजाआधी, दफनही झालं. मी ते मोबाइलवर पाहिलं, लॅबच्या जिन्यात बसून. संध्याकाळी सिस्टर वही घेऊन आल्या. मी चिडले. म्हटलं, "नाव लिहून काय होणार आहे?"

"काहीच होत नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी कोणीतरी नाव घेतं, एवढंच."

पुढच्या वर्षी त्यांनी वाचलं, "इब्राहीम, झुलेखाचे अब्बा, होड्यांना रंग द्यायचे." हे मी त्यांना कधी सांगितलं होतं, मलाच आठवत नव्हतं. मी पँट्रीत सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

सिस्टरची आशा एकाच गोष्टीवर होती, वसईच्या घरातली वरची खोली. खिडकीखाली विहीर, पलीकडे केळी. रिटायर झाले की त्या खोलीत राहणार आणि महिनाभर झोपणार, हे त्यांनी मला किमान शंभरदा सांगितलं असेल. एका शुक्रवारी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याचं लग्न ठरलं होतं. ती वरची खोली त्याच्यासाठी रंगवून घेतली होती, नवा पलंगही आला होता. "आत्या, कशी वाटतेय आमची रूम?" सिस्टर म्हणाल्या, "रंग छान आहे हो." फोन ठेवला आणि बराच वेळ त्या किल्ल्या एकेक करून फिरवत बसल्या.

माझं डोकं फिरलं. "भांडा की! तुमची खोली आहे ती."

"भांडून घेतलेल्या खोलीत झोप लागते का गं?" मग म्हणाल्या, "खोलीचं जाऊ दे. मला पोर ना बाळ. मी गेल्यावर त्या घरात माझं नाव कोण घेईल, सांग."

मी चहा टाकला.

साठी झाली आणि कंपनीनं केक कापून निरोप दिला. वसईजवळ नन्सनी चालवलेल्या वृद्धाश्रमात त्यांनी जागा घेतली होती. "शेवटी मठातच चालले बघ," म्हणाल्या, "फक्त राजकन्या नाही, पेइंग गेस्ट." निघताना त्यांनी जुडगा आणि वही माझ्यासमोर धरली. मी हात मागे घेतला. म्हटलं, "मला नको. मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. नवरा वाट बघतोय, मुलगी माझ्याशी फोनवर धड बोलत नाही. मी जाणार आहे."

"जा की. जाताना दुसऱ्या कुणाला तरी दे. त्या राणीच्या नातीनंसुद्धा पुढचीला दिलीच असेल." आणि जुडग्यासकट वही माझ्या पर्समध्ये कोंबून त्या बसमध्ये चढल्या. मागं वळून पाहिलं नाही.

पहिल्या शुक्रवारी मी वही उघडली, तर शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात त्यांचं नाव. पुढं ओळ, 'उगाच किल्ल्या वागवायची.' तारखेची जागा कोरी. मी तिथंच फोन लावला. "हे काय लिहून ठेवलंत?"

"तारीख मी कशी घालणार? ती तू घाल." आणि हसल्या. हजार वर्षांपूर्वीच्या त्या बायकांवर कधी न हसलेली बाई, यावर हसली.

मार्च येऊन गेला. मी कॉन्ट्रॅक्ट वाढवलं. घरी सांगितलं, पगार वाढलाय. नवी नेपाळी पोरगी आली आहे, शांत आहे, अक्षरही चांगलं आहे. तिला वहीचं विचारायचं म्हणून दर आठवड्याला ठरवते आणि वही परत कपाटात ठेवते. गुरुवारी वसईला फोन करते. पलीकडून आवाज येतो, "आहे गं, आहे." मग शुक्रवारी ते पान न वाचता उलटते.

मुलगी विचारते, "अम्मी, कधी येणार?" मी म्हणते, इन्शाल्ला. ती तारीख कोरी आहे तोवर माझा पाय इथून निघत नाही. आणि ती कधी भरावी लागू नये म्हणून दर नमाजात दुआ मागते.