पोत्यात हात घालणारी बँकवाली

ग्रुपवर नुसते फुलं-हार टाकता, कामाचं एक जण सांगत नाही! माही पोरगी मीना अकोल्यात बँकेत लागली, कारखान्यांले कर्ज देणाऱ्या खात्यात. आज दालमिलचा माल पाहाले गेली, अन् कोपरापर्यंत हात घालून पोत्याच्या बुडची ओली डाळ काढली.

तिचा बँकेतला साहेब म्हणे, "हे कुठं शिकली?"

"माय अमरावतीत भाजी विकते. आलूचं पोतं असंच पाह्यते."

साहेबानं मुंबईच्या हापिसात जागा देऊ केली. पोरगी फोनवर म्हणे, "तुले एकटीले सोडून इतक्या दूर नाही जात."

"मी काय लहान लेकरू हाय?" मी म्हटलं, अन् निवडलेली मेथी पुन्हा निवडत बसली.

बँकवाल्यांनो, मुंबईत पुढं मोठी साहेबीण होते, की तिथंही जन्मभर पोतेच तपासते? तिले सोमवारी कळवायचं हाय. मले रविवारपर्यंत सांगा. अंगठे दाखवू नका, लिहा.